इकाम्याची तारीख
(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आयोजकांनी मला 'परदेशातली नोकरी' हा विषय दिला आहे. मी त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. आमच्या रत्नागिरीकडे ज्या घरातला माणूस गल्फला असतो, त्या घरातल्या लहान पोरालाही 'इकामा' हा शब्द माहीत असतो. इकामा म्हणजे सौदी अरबस्तानात राहण्याचा परवाना. तो ठरावीक मुदतीने वाढवून घ्यावा लागतो, आणि तो वाढवणं तुमच्या नाही, तुमच्या मालकाच्या हातात असतं. मालकाला तिथे कफील म्हणतात.

मी १९९८ साली जेद्दाला गेलो. एका व्यापारी कंपनीत हिशेबनीस होतो. तेव्हा इकामा म्हणजे छोटं पुस्तक असायचं. मुसलमानांना हिरवं, इतरांना तपकिरी. ते हिरवं पुस्तक हातात पडलं तेव्हा वाटलं, चला, आपण आपल्याच माणसांत आलो. मक्केला जायची मुभा त्या रंगाने दिली, हे खरं. पण नोकरी बदलायची तर कफील, घरी जायचं तर कफील. शेजारच्या टेबलावर केरळचा एक ख्रिस्ती सहकारी बसायचा. त्याचं पुस्तक तपकिरी होतं. कफीलसमोर आम्ही दोघेही सारखेच उभे राहायचो.

२००८ मध्ये बायको-मुलं तिकडे आली. मुलं तिथेच शाळेत गेली. मग १ जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या कुटुंबावर फी लागू झाली. माणशी महिना १०० रियाल, पुढच्या वर्षी २००, मग ३००, मग ४००. इकामा वाढवताना ती वर्षाची एकदम भरायची. माझ्याकडे तीन माणसं. पहिल्या वर्षी ३,६०० रियाल, दुसऱ्या वर्षी ७,२००. पगार ४,५०० रियाल. मी हिशेबनीस माणूस, कागदावर आकडे मांडले आणि रात्री बायकोसमोर ठेवले. ती म्हणाली, "मुलांची परीक्षा झाली की आम्ही निघतो." २०१८ मध्ये ती तिघं गावी परतली. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत त्या दोन वर्षांत हेच झालं.

पुढच्या वर्षी माझाच इकामा संपला. तिथे कंपनीत किती सौदी नागरिक नोकरीला आहेत, यावरून तिचा रंग ठरतो. २०११ पासूनची ही पद्धत, नाव 'निताकात'. आमची कंपनी लाल गटात गेली. लाल गटातल्या कंपनीला परवाने वाढवता येत नाहीत. कार्डावर पूर्वीसारखी तारीख छापलेली नसते, ती 'अबशर' या सरकारी अॅपवर बघायची. मी बघायचो. तारीख गेली तशी दोन-चार दिवसांत बँकेचं खातं गोठलं. विम्याचं कार्ड दवाखान्यात चालेना. रस्त्यावर पोलिसांची गाडी दिसली की मी गल्ली बदलायचो. एकवीस वर्षं कायद्याने राहिलेला माणूस, एका तारखेने चोरासारखा चालायला लागला.

याच सात महिन्यांत अम्मी गेली.

दफनाला मी पोचलो नसतो, ते कोणीच पोचत नाही. पण नंतरही जाता आलं नाही. इकामा संपलेल्याला जाऊन परत येण्याचा व्हिसा मिळत नाही. कफीलला विचारलं. तो म्हणाला, "इन्शाअल्लाह, पुढच्या महिन्यात." असे चार महिने गेले. अम्मीच्या कबरीवर मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा तिथे गवत गुडघ्याएवढं झालं होतं.

आता खरी सांगायची गोष्ट. लाल गटातल्या कंपनीच्या कामगाराला मालकाच्या संमतीशिवाय दुसरीकडे बदली घेता येत होती. हा नियम तेव्हाही होता. मी ऑफिसात रोज अरबी पत्रं वाचत होतो, पण माझ्या हक्काचा कागद कधी वाचला नाही. एका पाकिस्तानी ड्रायव्हरने सांगितलं तेव्हा कळलं. इकाम्याची फी आणि उशिराचा दंड मालकानेच भरायचा, असं तिथल्या कामगार कायद्याचं ४० वं कलम सांगतं. माझ्या पगारातून ५०० रियाल दंड कापला गेला आणि मी पावतीही मागितली नाही. बदली झाली, आणि २०२१ मध्ये मी कायमचा परत आलो.

तुमच्यातले काही जण जाणार आहेत. जरूर जा. पण दहावी झाल्याशिवाय जाऊ नका. दहावी झालेल्याला पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची अट राहत नाही. कराराची प्रत घरी ठेवा. पासपोर्ट कोणाच्या कपाटात देऊ नका, तो ठेवून घ्यायचा मालकाला हक्क नाही. इकाम्याची तारीख हिजरी असेल तर नीट मोजा. हिजरी वर्ष अकरा-एक दिवसांनी लहान असतं. मार्च २०२१ पासून तिथे नियम सैल झाले आहेत. एक वर्षानंतर नोकरी बदलता येते, मालकाने परवाना वाढवला नाही तर लगेच. पण घरकामगार आणि घरचे ड्रायव्हर यांना ही सवलत नव्हती, हे लक्षात ठेवा. अडचण आली तर भारत सरकारच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा.

शेवटचं, आणि हे थोडं टोचेल. परत आल्यावर मी आमच्या बंदरावर गेलो. तिथे बोटींवर नेपाळी खलाशी असतात. ओळखीच्या एका बोटमालकाने त्यांची ओळखपत्रं स्वतःच्या घरी ठेवली होती. विचारलं तर म्हणाला, "हंगाम संपेपर्यंत पळून जायला नकोत." तो स्वतः दहा वर्षं कुवेतला राहून आलेला. मी त्याला एवढंच विचारलं, "भाई, तुमचा पासपोर्ट कुठे असायचा?" तो काही बोलला नाही. आठवड्याने त्याने कार्डं परत दिली, असं त्या पोरांनीच मला सांगितलं.

इथे ग्रामसभेत मी उभा राहून प्रश्न विचारतो, मत देतो, माहितीचा अर्ज टाकतो. तिथे तेवीस वर्षांत एकदाही असं काही करता आलं नाही. हे हक्क वापरा. आणि तुमच्या गावात पोटासाठी आलेला माणूस दिसला, तर त्याचा कागद त्याच्याच खिशात आहे ना, तेवढं बघा.