घरचा संगणक आणि व्हिडिओ एडिटिंग



लग्नाचे व्हिडिओ घरी एडिट करून आपली काही मुले चार पैसे मिळवतात. संगणक अडखळू लागला की मुलगा म्हणतो, "अब्बा, नवा घेऊ या." मग अम्मीच्या बांगड्यांचा विषय निघतो.

एका पालकांना मीच महागडे ग्राफिक्स कार्ड घ्यायला सांगितले होते. काम पूर्वीसारखेच अडखळत राहिले. दोष ८ जीबी रॅमचा आणि जुन्या हार्ड डिस्कचा निघाला. तो सल्ला मला अजून बोचतो.

म्हणून एडिटिंग चालू असतानाच टास्क मॅनेजर उघडून पाहा. मेमरी भरलेली असेल तर रॅम १६ जीबी करा. डिस्क सतत १०० टक्के गुंतलेली असेल तर एसएसडी बसवा. फिरती डिस्क सेकंदाला साधारण १५० एमबी वाचते, साधी साटा एसएसडी ५०० च्या आसपास.

प्रोसेसरच दमत असेल तर? फुल एचडी चित्रात २०,७३,६०० बिंदू असतात, ४के चित्रात ८२,९४,४००, म्हणजे चौपट. शिवाय मोबाइलचे एच.२६५ चित्रण फार दाबून साठवलेले असते. ते उलगडण्यातच प्रोसेसरची शक्ती जाते. अशा वेळी प्रॉक्सी, म्हणजे चित्रणाची हलकी प्रत, करून घ्या. काटछाट तिच्यावर करायची, अखेरचा व्हिडिओ मूळ चित्रणातूनच काढायचा. डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही ही सोय आहे.

एवढ्यानेही भागले नाही तर नवा जरूर घ्या. मात्र काही लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते, पुढे वाढवता येत नाही. पैसे मोजण्यापूर्वी दुकानदाराला तेवढे विचारा.