संगणकाची पाटी आणि वही



गुलमंडीच्या आजींनी आपल्या मंडळाच्या पहिल्या सभासदांची नावे तोंडी सांगितली, ती मी संगणकावर उतरवीत होते. बत्तीस नावे झाली आणि वीज गेली. परत आली तेव्हा एकही नाव नव्हते!

संगणकाला दोन स्मृती असतात, हे मुलाने तेव्हा समजावले. चालू काम 'रॅम'मध्ये, म्हणजे पाटीवर होते. तिच्या बारीक कप्प्यांतला विजेचा भार सारखा झिरपतो. तो सेकंदाला पंधराएक वेळा पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की पाटी पुसली. 'सेव्ह' केले म्हणजे मजकूर डिस्कवर, वहीत उतरतो. वहीचे काम सावकाश, पण ती विजेवाचून राहते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली चालू झालेल्या 'टिफ्रॅक' संगणकाची पाटी तारांत ओवलेल्या चुंबकी कड्यांची होती, जणू पोतच! जागा अवघी २०४८ आकड्यांची. पण वीज गेली तरी ती कडी विसरत नसत. नवे ते सर्वच बाबतींत सरस नव्हे, बरे का!

दुसऱ्या दिवशी आजींकडे पुन्हा गेले. चार नावे त्यांना आठवेनात. यादीत त्या जागा मोकळ्या ठेवल्या आहेत. कोणास ठाऊक असल्यास सभेनंतर मला सांगावीत.