इंजिनाची झीज : तेलगाळणीची निवड आणि लोहचुंबकाची साक्ष



पंचायत समितीच्या आवारात उभी असलेली जीप, ग्रामीण रुग्णालयाची रुग्णवाहिका, उन्हाळ्यात टंचाईग्रस्त वाड्यांना पाणी पोहोचविणारा टँकर आणि शेतकऱ्याचा ट्रॅक्टर या सर्वांचे आयुष्य बऱ्याच अंशी एका लहानशा वस्तूवर अवलंबून असते. ती वस्तू म्हणजे इंजिनातील तेल गाळणारी गाळणी, अर्थात ऑइल फिल्टर. इंजिन उतरवून त्याची पुन्हा बांधणी करण्यास जो खर्च येतो, त्याच्या मानाने गाळणीची किंमत अगदीच नगण्य असते. तथापि हा प्रश्न केवळ रुपये-पैशांचा नाही. ऐन वैशाखात टँकर बंद पडला, तर वाडीला तहान सोसावी लागते. रुग्णवाहिका आठ दिवस दुरुस्तीला गेली, तर अडलेल्या बाळंतिणीची सोय कशी लावावयाची, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही हिशेबवहीत सापडत नाही.

अलीकडे गाळणीवर बाहेरून बसविण्याची लोहचुंबके आणि चुंबक जडविलेले निचऱ्याचे बूच बाजारात सहज मिळते. चुंबक धातूचे कण पकडतो, हे खरे आहे. परंतु चुंबक लावला की गाळणीची व तेलबदलाची काळजी मिटली, असा समज करून घेणे मात्र महागात पडू शकते. चुंबकाचे खरे काम कोणते, हे समजण्यासाठी प्रथम इंजिनाची झीज कशी होते ते पाहणे अगत्याचे आहे.

झीज कशी होते?

इंजिन चालू असताना क्रँकशाफ्ट आणि तिचे बेअरिंग, पिस्टनची रिंग आणि सिलिंडरची भिंत हे भाग एकमेकांवर प्रत्यक्ष घासत नाहीत. त्यांच्यामध्ये तेलाचा एक अतिशय पातळ पदर असतो. या पदराची जाडी काही मायक्रॉन इतकीच असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारणतः ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून या पदराच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. तेलाच्या पदराएवढ्या किंवा त्याहून थोड्या मोठ्या आकाराचा कठीण कण या फटीत शिरला, की तो दोन्ही पृष्ठभागांना ओरखडतो. त्या ओरखड्यातून धातूचा नवा कण सुटतो आणि तोही पुढे तेच काम करू लागतो. म्हणजे झीज ही झिजेलाच जन्म देते.

हे कण येतात तरी कोठून? काही इंजिनातच तयार होतात. लोखंड व पोलाद सिलिंडर, रिंगा, क्रँकशाफ्ट आणि दातेरी चक्रांतून येते, ॲल्युमिनियम पिस्टनमधून, तर तांबे, शिसे व कथील बेअरिंगच्या अस्तरातून. जळणातून काजळी निर्माण होते. मात्र ग्रामीण भागातील वाहनांचा सर्वांत मोठा शत्रू बाहेरून येतो. तो म्हणजे रस्त्याची व शेताची धूळ. धुळीतील सिलिका सिलिंडरच्या ओतीव लोखंडापेक्षाही कठीण असते. हवेची गाळणी फाटलेली असेल किंवा तिच्या नळीचा पट्टा सैल असेल, तर ही धूळ सरळ सिलिंडरमध्ये आणि तेथून तेलात उतरते. म्हणून तेलाच्या गाळणीचा विचार करताना हवेच्या गाळणीकडे दुर्लक्ष करणे म्हणजे दार उघडे ठेवून तिजोरीला कुलूप लावण्यासारखे आहे.

गाळणीचे कार्य

मोटारींच्या प्रारंभीच्या काळात तेल गाळण्याची खास व्यवस्था नव्हती. तेल लवकर घाण होई व काही शे मैलांनंतर ते बदलावे लागे. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी मोटारीसाठी तेलगाळणी तयार केली. ती ‘प्युरोलेटर’ या नावाने प्रसिद्ध झाली. आरंभीच्या गाळण्यांतून एका वेळी तेलाचा थोडाच भाग जात असे. आजच्या बहुतेक इंजिनांत पंपाने ढकललेले सर्व तेल आधी गाळणीतून आणि मग बेअरिंगकडे जाते.

गाळणीच्या डब्यात घड्या घातलेला विशिष्ट कागद असतो. काही गाळण्यांत काचतंतू किंवा कृत्रिम धाग्यांचे मिश्रण वापरतात. त्याशिवाय बहुधा दोन झडपा असतात. पहिली झडप इंजिन बंद झाल्यावर गाळणीतील तेल खाली उतरू देत नाही. ती खराब असल्यास सकाळी इंजिन सुरू करताच काही क्षण खडखडाट ऐकू येतो, कारण तेवढा वेळ वरचे भाग तेलाविना फिरत असतात. दुसरी झडप गाळणी तुंबली किंवा थंडीत तेल घट्ट झाले तर उघडते आणि तेल न गाळताच पुढे सोडते. तेल मुळीच न मिळण्यापेक्षा घाणेरडे तेल मिळालेले बरे, हा त्यामागील हेतू होय. तथापि त्याचा एक परिणाम लक्षात ठेवावयास हवा. गाळणी पूर्ण तुंबली तरी तेलाच्या दाबाचा दिवा बहुधा लागत नाही. चालकाला सारे ठीक दिसते आणि इंजिन मात्र न गाळलेल्या तेलावर झिजत राहते. म्हणूनच गाळणी बिघाडाची वाट न पाहता मुदतीवर बदलावी लागते.

निवड कशी करावी?

गाळणी घेताना दुकानात बहुधा आटे जुळतात की नाही एवढेच पाहिले जाते. आटे जुळणे आवश्यक आहे, पुरेसे नाही. दोन गाळण्यांचे आटे आणि रबरी वायसर सारखे असूनही त्यांच्या झडपा वेगवेगळ्या दाबाला उघडत असतील. काही इंजिनांत ही झडप इंजिनाच्या ठोकळ्यातच असते आणि गाळणीत नसते. त्यामुळे वाहनाच्या माहितीपुस्तिकेतील भाग-क्रमांक हाच निवडीचा पहिला आधार होय. गाळणीचा रंग, वजन किंवा डब्याचा आकार हे गुणवत्तेचे पुरावे नव्हेत.

दुसरी गोष्ट गाळण्याच्या क्षमतेची. वेष्टनावर नुसते ‘२० मायक्रॉन’ असे लिहिले असल्यास त्यावरून फारसे कळत नाही, कारण त्या आकाराचे किती कण अडतात हे त्यात सांगितलेले नसते. आयएसओ ४५४८ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या बाराव्या भागात त्यासाठी कसोटी ठरवून दिलेली आहे. एखाद्या आकाराचे ७५ कण गाळणीकडे आले आणि त्यांतील एकच पुढे गेला, तर त्या आकारासाठी गाळणीची क्षमता सुमारे ९८.७ टक्के ठरते. सूक्ष्म गाळणीचा लाभ किती, याविषयी १९८८ मध्ये जनरल मोटर्समध्ये झालेला अभ्यास उद्‌बोधक आहे. ४० मायक्रॉनच्या गाळणीच्या तुलनेत ३० मायक्रॉनच्या गाळणीने झीज निम्म्यावर आली आणि १५ मायक्रॉनच्या गाळणीने ती ७० टक्क्यांनी घटली, असे त्यात आढळले.

खरेदीच्या दरपत्रकात केवळ ‘ऑइल फिल्टर, नग अमुक’ असे न लिहिता वाहनाचा नमुना, भाग-क्रमांक आणि अपेक्षित मानक नमूद केल्यास सर्वांत कमी दर आणि योग्य वस्तू यांचा मेळ बसविणे शक्य होते. बनावट मालापासूनही त्यामुळे काही अंशी संरक्षण मिळते.

गाळणी बसविताना जुन्या गाळणीचे रबरी वायसर इंजिनाला चिकटून राहिलेले नाही, याची खात्री करावी. नव्या वायसरला स्वच्छ तेलाचे बोट लावावे. ते टेकल्यानंतर गाळणीवर छापलेल्या सूचनेनुसार, बहुधा पाऊण फेरा, हातानेच आवळावे. पान्याने करकचून आवळलेली गाळणी पुढच्या वेळी निघत नाही. मग इंजिन चालवून गळती तपासावी, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबावे आणि तेलाची पातळी पुन्हा मोजावी.

चुंबक काय करतो आणि काय करीत नाही

चुंबक लोखंड व पोलादाचे कण ओढतो. ॲल्युमिनियम, तांबे, शिसे, कथील यांवर त्याचा उपयोग होत नाही. धुळीतील सिलिका आणि काजळी यांनाही तो स्पर्श करीत नाही. म्हणजे बेअरिंग खाणारी धूळ आणि बेअरिंगमधून सुटलेले अस्तर हे दोन्ही त्याच्यासमोरून बिनदिक्कत निघून जातात. गाळणीला पर्याय म्हणून चुंबक का चालत नाही, याचे कारण एवढेच आहे.

जेथे तेल संथ असते तेथे चुंबक चांगले काम करतो. म्हणून तेलाच्या चेंबरच्या तळाशी असलेले निचऱ्याचे बूच ही त्याची उत्तम जागा होय. ज्या गिअरबॉक्समध्ये गाळणी नसते तेथे असे बूच विशेष उपयोगी पडते आणि अनेक वाहनांत ते कारखान्यातूनच बसवून येते. गाळणीच्या बाहेरून लावलेल्या चुंबकाचा बराच प्रभाव डब्याच्या पोलादी पत्र्यातच सामावतो. उरलेल्या प्रभावाने काही कण आतल्या भिंतीला चिकटतात. खडबडीत रस्त्यावर असा चुंबक निसटून पडण्याचाही संभव असतो.

१९८०-९० च्या दशकात विकसित झालेले निओडिमियम चुंबक अतिशय शक्तिशाली असतात. परंतु त्यांचे सामान्य प्रकार सुमारे ८० अंश सेल्सिअसपुढे शक्ती गमावू लागतात आणि इंजिनातील तेल १०० अंशांपर्यंत व त्याहूनही अधिक तापते. त्यामुळे उष्णता सोसणारा प्रकारच निवडावा लागतो. चुंबक ठिसूळही असतो. सुटा चुंबक चेंबरच्या आत टाकणे किंवा चिकटविणे कटाक्षाने टाळावे, कारण त्याचा तुकडा पडला तर रक्षकच भक्षक ठरेल.

चुंबकाची साक्ष

मग चुंबकाचा खरा उपयोग कोणता? तो उत्तम साक्षीदार आहे. तेल बदलताना बुचावर राखाडी, मऊ, बोटांना न टोचणारा लेप दिसला, तर ती नेहमीची झीज समजावी. नव्या इंजिनाच्या पहिल्या तेलबदलात तो जरा अधिकच असतो. सुईसारखे चकचकीत कण किंवा पापुद्रे दिसू लागले, तर एखादा पृष्ठभाग खराब होत आहे असे समजून जाणकार मिस्त्रीला दाखवावे. तुकडा आढळल्यास वाहन पुढे चालवू नये.

जे चुंबकाला दिसत नाही ते जुनी गाळणी सांगते. गाळणी कापून तिचा कागद उलगडावा, तेल निथळू द्यावे आणि उजेडात पाहावे. तांबूस चमक बेअरिंगकडे, तर चुंबकाला न चिकटणारी रुपेरी चमक पिस्टनकडे बोट दाखविते. भारतीय रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये इंजिनाच्या तेलाचे नमुने प्रयोगशाळेत तपासून त्यातील धातूंच्या प्रमाणावरून बिघाडाची पूर्वसूचना मिळविण्याची पद्धत आहे. बुचाची व गाळणीची ही तपासणी म्हणजे त्याच विचाराचे साधे, बिनखर्चाचे रूप होय.

कार्यालयीन वाहनांच्या नोंदवहीत तेलबदलाच्या तारखेशेजारी ‘बुचावरील कण’ असा एक रकाना आखला, तर चालक बदलला तरी इंजिनाचा इतिहास कायम राहील. विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांनाही यातून एक पाठ मिळू शकतो. लोखंडाचा कीस, वाळू आणि ॲल्युमिनियमचा चुरा एकत्र करून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चुंबक त्यावरून फिरविला, की चुंबक काय उचलतो आणि काय मागे ठेवतो, हे विद्यार्थी स्वतःच पाहतील.

काढलेले तेल मात्र ओढ्यात, विहिरीजवळ किंवा जमिनीवर ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडेच द्यावयास हवे.

वाहन शासनाचे असो, ग्रामपंचायतीचे असो वा शेतकऱ्याचे, त्याच्या निगेचा क्रम सारखाच आहे. हवेची गाळणी धूळ अडवील, योग्य तेलगाळणी कण पकडील आणि चुंबक आत काय घडते आहे ते सांगेल. मात्र त्याची साक्ष ऐकून घेण्यासाठी तेलबदलाच्या दिवशी कोणीतरी बूच हातात घेऊन पाहिले पाहिजे. ती पाच मिनिटे ज्या कार्यालयात दिली जातील, तेथील टँकर वैशाखात वाडीवर पोहोचण्याची शक्यता निश्चितच अधिक राहील.