आपल्या कातळाचं माहेर

गेल्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटाने साठवलेले पैसे घालून बोअर घेतली. तीनशे फूट खाली गेलो, वर आली ती नुसती राखाडी भुकटी. गाडी निघून गेली, तशा आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "अगं, पण एवढा दगड आला तरी कुठून?" उत्तर शोधलं, तेच आज सांगतो.

पृथ्वीच्या पोटात काही ठिकाणी फार खोलून उष्णता वर येत राहते. त्या जागेला तप्तबिंदू म्हणतात. ही चूल जवळजवळ जागेवरच असते, वरचा तवा म्हणजे पृथ्वीचं कवच मात्र सरकतं. मेणबत्तीवरून कागद सरकवला की डागांची रांग उमटते ना, तसंच.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी उत्तरेकडे सरकणारी आपली भूमी अशा एका चुलीवर होती. जमिनीला भेगा पडल्या, लाव्हा थरावर थर पसरला. सह्याद्रीच्या कड्यांना पायऱ्या दिसतात, ते हेच थर. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भाग त्याखाली आहे.

भूमी पुढे गेली, मागे समुद्रात ज्वालामुखींची रांग राहिली: लक्षद्वीप, मालदीव, चागोस. ते विझले, हळूहळू खचले, वर प्रवाळांनी बांधकाम केलं. म्हणून ही बेटं इतकी सपाट. १९८७ साली एका जहाजाने तिथला तळ खोदला. मालदीवजवळचा दगड सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षांचा निघाला, चागोसजवळचा सुमारे ४ कोटी ९० लाख. दक्षिणेकडे जावं तसा दगड तरुण.

चागोसनंतर मात्र रांग तुटते, कारण आडवी येते समुद्राखालची लांबलचक डोंगररांग. तिथे समुद्राचा तळच फाटतो. साय फाटून खालचं दूध वर यावं, तसा शिलारस फटीतून येतो, थिजतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो. वेग वर्षाला काही सेंटीमीटर, नखं वाढतात तेवढाच. ही फटही सरकत सरकत आपल्या चुलीवरून गेली आणि चूल पलीकडच्या तव्याखाली आली. मग मॉरिशस आणि रीयुनियन ही बेटं तिकडे उगवली. रीयुनियनवरचा ज्वालामुखी आजही वारंवार पेटतो. आपल्या कातळाचं माहेर ते! आणि शेजारच्या मॉरिशसमध्ये ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी माणसांचे वंशज गणपती बसवतात, तेही काळ्या दगडाच्याच भूमीवर.

आता आमच्या बोअरचं. लाव्हा थराथराने आला, म्हणून आपला दगड सगळीकडे सारखा नाही. घट्ट थिजलेला थर पाणी धरत नाही. पाणी असतं भेगांत, दोन थरांच्या सांध्यात आणि झिजलेल्या सच्छिद्र दगडात. खोल गेलं म्हणजे पाणी लागेलच असं नाही. पुढच्या वेळी आम्ही आधी जुन्या विहिरींच्या भिंती आणि ओढ्याचे काठ बघणार, कोणता थर कुठे आहे ते लिहून ठेवणार, भूजलाच्या जाणकाराला दाखवणार आणि मगच पैसे काढणार. तुमच्याही विहिरीत एकदा वाकून बघा. किती थर दिसतात, ते आम्हाला कळवा.