कानाले काय भाडं लागते?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'तंत्रज्ञान आणि आपण' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी बोलणार आहे रेडिओवर. काळजी करू नका, पाहुण्यांची भाषणं लांबली की मागच्या बाकांवर काय चालतं ते मला चांगलं आठवतं. मी तिथेच बसायचे.

आमच्या अमरावतीच्या घरी एक ट्रान्झिस्टर होता. तो आजीच्या ताब्यात. सुई नागपूर केंद्रावर, ५८५ किलोहर्ट्झवर, कायमची. हे केंद्र १९४८ साली सुरू झालं, म्हणजे आजीच्या संसाराइतकंच जुनं. आजी घड्याळ बघत नसे. संस्कृत बातम्या लागल्या की सात वाजायला पाच मिनिटं कमी. पुण्याहून सुधा नरवणे यांचा आवाज आला की सात वाजून पाच मिनिटं, आणि मी अजून अंथरुणात असेन तर धपाटा. साडेआठला दिल्लीच्या मराठी बातम्या सुरू झाल्या की वेणी घालून दप्तर पाठीवर.

सुट्टीच्या दिवशी हा कारभार पूर्ण ऐकायला मिळायचा. सकाळी चिंतन, मग बातम्या, कुणा डॉक्टरांचं हिवतापावर भाषण, दुपारी बायकांसाठीचा कार्यक्रम, मुलांचा कार्यक्रम, संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी सल्ला आणि बाजारभाव, रात्री एखादी श्रुतिका. पावणेनऊला हिंदी समाचार, नऊला इंग्रजी बातम्या. इंग्रजी आजीला एक अक्षर कळत नव्हतं. तरी ती बंद करत नसे.

मी एकदा वैतागून म्हटलं, "आजी, आपल्याकडे वीतभर शेत नाही. मग कपाशीची फवारणी कशाला ऐकायची?" ती म्हणाली, "पोरी, ऐकून घे. कानाले काय भाडं लागते?"

म्हणून मी ऐकत गेले. बोंडअळी, डवरणी, तुरीवरची शेंग पोखरणारी अळी. वावर आणि बांध यांतला फरक न कळणाऱ्या मुलीला हे शब्द पाठ झाले. अकोल्याला आजोळी गेले की मामा पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठावरून सायकलने न्यायचा. रेडिओवर ज्या विद्यापीठातल्या तज्ज्ञांची नावं ऐकते ते हेच, याचं मला फार अप्रूप वाटायचं.

आता वर्गातली गोष्ट सांगते. जिची आहे ती समोर बसली आहे, तिची परवानगी घेतली आहे.

नववीत चिखलदऱ्याची सहल ठरली. आमच्या बाकावरची एक मैत्रीण दर्यापूरकडच्या खेड्यातून यायची. तिनं पैसे भरले नाहीत. "नाव देऊ नका," एवढंच म्हणाली. मुलींमध्ये कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, चिंगूस आहे. कुणी म्हणालं, घरी पंचवीस एकर आहे म्हणे, मग कसली अडचण? त्या कुजबुजीत मीही सामील झाले असते. पण त्याच वर्षी संध्याकाळच्या कार्यक्रमात मी पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याबद्दल ऐकलं होतं. तिथे जमीन काळी, खोल, दिसायला सोन्यासारखी. पण विहिरीचं पाणी खारट. ते पिकाला दिलं तर जमीनच बिघडते. त्यामुळे पावसानं खंड दिला की दुसरा इलाज नाही. पंचवीस एकर असो की पन्नास, आभाळाकडे बघायचं.

त्या वर्षी पावसानं मोठा खंड दिला होता.

मी फार थोर काही केलं नाही. मधल्या सुट्टीत तिला विचारलं, "तुमच्याकडे खारं पाणी आहे का गं?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मग रडली. मग तिनं सगळं सांगितलं. सरांपर्यंत ते कसं पोचलं ते सर जाणतात, आणि ती सहलीला कशी आली तेही सरच जाणतात. सर, तुम्ही आजवर कुणालाही कळू दिलं नाही. मीही पुढचं सांगत नाही.

आता थोडं तंत्रज्ञानाबद्दल, नाहीतर संयोजक रागावतील. मी ज्या प्रकारचं सॉफ्टवेअर लिहिते, त्याचं काम एका वाक्यात सांगते : माणसानं काल काय बघितलं, ऐकलं यावरून आज त्याच्यापुढे काय ठेवायचं ते ठरवणं. ते काम चांगलं चालतं. लोकांना आवडतं, माझा पगारही त्यातूनच येतो. पण एका रात्री काम करताना मनात आलं, की आम्ही दोघी नववीत असताना हे सॉफ्टवेअर असतं तर काय झालं असतं? मला गणिताच्या युक्त्या आणि सिनेमाची गाणी मिळाली असती. तिच्या बाबांना कपाशीचे भाव मिळाले असते, कदाचित रेडिओपेक्षा लवकर. दोघांनाही हवं ते मिळालं असतं. फक्त खारं पाणी माझ्यापर्यंत पोचलं नसतं, कारण मी ते कधी मागितलंच नसतं.

रेडिओच्या त्या दिवसात कुणालाच सगळं आवडीचं मिळत नव्हतं. आपलं येईपर्यंत दुसऱ्याचं ऐकावं लागायचं. 'बहुजनहिताय, बहुजनसुखाय' हे आकाशवाणीचं ब्रीद. त्याचा अर्थ मला त्या बाकावर कळला.

जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. त्या भाषणांतली काही इतकी रटाळ असायची की आजीसुद्धा बसल्या बसल्या घोरायची. आकाशवाणी आता मोबाईलवरही ऐकू येते, पण तीही आपण लावली तरच लागते.

म्हणून एक विनंती. आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळी फुलं आणि सुविचार येतात, ते येऊ द्या. पण दर रविवारी आपल्यापैकी एकानं पाच मिनिटं स्वतःच्या आवाजात आपल्या कामाबद्दल बोलावं. वरुडला कुणाची संत्र्याची बाग आहे, कुणी मेळघाटात शिक्षक आहे, कुणी बँकेच्या काउंटरवर बसतं, कुणी घर सांभाळतं. विषय आपल्या कामाचा नसला तरी बाकीच्यांनी शेवटपर्यंत ऐकायचं.

पहिला रविवार मी माझ्या दर्यापूरच्या मैत्रिणीला मागितला आहे. ती "हो" म्हणाली आहे. कपाशीवर बोलणार आहे.

ऐकून घ्या. कानाले काय भाडं लागते?