ताप अंगावर काढू नका
(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज धडा वाचायचा नाही. आज थोडे बोलायचे आहे. विषय तापाचा आहे.

ताप आपल्या ओळखीचा. पावसाळ्यात येतो, थंडीत येतो, दोन-चार दिवस राहतो आणि जातो. म्हणून आपण त्याची फारशी दखल घेत नाही. पण ह्या तापांत एक ताप असा आहे, की बहुतेकांना तो सोडून जातो, पण एखाद्याला आपल्याबरोबर घेऊन जातो. त्याचे नाव स्वाइन फ्लू.

नाव इंग्रजी आहे. स्वाइन म्हणजे डुक्कर. फ्लू म्हणजे सर्दी-खोकल्याबरोबर येणारा साथीचा ताप. आता कोणी म्हणेल, "गुरुजी, आमच्या दारात डुक्कर नाही. आम्हांला कसली भीती?" तर तसे नाही. हा रोग आता माणसाकडून माणसाला होतो. मग डुकराचे नाव का पडले? फ्लूचे जंतू माणसांत असतात, पक्ष्यांत असतात, डुकरांतही असतात. डुकराच्या अंगात त्यांची सरमिसळ झाली आणि एक नवा जंतू तयार झाला. तो माणसांत आला आणि माणसांतच राहिला. शास्त्रज्ञ त्याला एच१एन१ म्हणतात. डुकराचे नीट शिजवलेले मांस खाल्ल्याने हा रोग होत नाही.

हा नवा जंतू २००९ सालच्या एप्रिल महिन्यात मेक्सिको आणि अमेरिका ह्या देशांत प्रथम ओळखला गेला. मे महिन्यात तो विमानाच्या प्रवाशाबरोबर हैदराबादेस आला. ऑगस्टमध्ये पुण्यात शाळेत जाणारी एक मुलगी ह्या रोगाने दगावली. आपल्या देशातला हा पहिला बळी. पुण्यात शाळा आणि सिनेमागृहे काही दिवस बंद ठेवावी लागली. तपासणीसाठी नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या. पुढे ऑगस्ट २०१० मध्ये जगातली ती मोठी साथ संपली असे जाहीर झाले. साथ संपली, पण जंतू काही गेला नाही. २०१५ साली आपल्या देशात ४२ हजारांवर लोकांना ह्याची लागण झाली. त्यांतले जवळजवळ ३ हजार दगावले. २०१७ सालीही दोन हजारांवर माणसे गेली.

गावातल्या जुन्या माणसांनी त्यांच्या वाडवडिलांकडून मानमोडीचे नाव ऐकले असेल. १९१८ सालची ती साथ. तीही फ्लूचीच होती, आणि तो जंतूही ह्याच जातीचा होता. तेव्हा आपल्या देशात एक कोटीहून अधिक माणसे मेली असा अंदाज आहे. त्या वेळी रोगाचा जंतू कोणता, हे कोणाला ठाऊक नव्हते. औषध नव्हते, लस नव्हती. आज जंतू ठाऊक आहे. औषध आहे. लस आहे. तरीसुद्धा माणसे का मरतात? त्याचे एक मोठे कारण म्हणजे उशीर. आपण ताप अंगावर काढतो आणि दवाखान्याची वाट फार उशिरा धरतो. आज मला मुख्यतः हेच सांगायचे आहे.

आधी हा रोग पसरतो कसा ते पाहू.

हा जंतू फार बारीक. तुमच्या पट्टीवर मिलिमीटरच्या दोन रेघा असतात ना? त्या दोन रेघांमधल्या जागेत असे दहा हजार जंतू एका ओळीत बसतील. रोगी खोकतो, शिंकतो, तेव्हा तोंडातून बारीक तुषार उडतात. त्यांत हे जंतू असतात. चार-सहा फुटांच्या आत जो असेल, त्याच्या श्वासातून ते आत शिरतात.

दुसरी वाट हाताची. समजा, एक शेतकरी आहे. त्याला फ्लू झाला आहे, पण त्याला ते कळलेले नाही. तो पारावर बसला आहे. हात तोंडापुढे धरून तो खोकतो. मग त्याच हाताने तंबाखू मळतो. शेजारी हात पुढे करतो, "जरा चिमूटभर द्या की!" ती चिमूट सरळ तोंडात जाते. चिमटीबरोबर रोगही गेला! विडी एकाने ओढून दुसऱ्याला द्यायची, एकच तांब्या सगळ्यांनी तोंडाला लावायचा, तिथेही हीच गत. एसटीच्या दांड्यावर, दाराच्या कडीवर, मोबाइलवर हा जंतू काही तास, कधी एक-दोन दिवसही टिकतो. तिथे आपला हात लागतो. तोच हात नाकाला, डोळ्यांना लागतो आणि काम होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. जंतू अंगात शिरला, की एक ते चार दिवसांनी ताप येतो. पण ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच तो माणूस दुसऱ्याला रोग देऊ शकतो. पुढे सुमारे आठवडाभर देत राहतो. म्हणून समोरचा माणूस धडधाकट दिसला, तरी आपल्या सवयी चांगल्या हव्यात.

ह्या सवयींना पैसा लागत नाही. खोकताना, शिंकताना तोंडावर रुमाल, उपरणे किंवा पदर धरा. काही नसेल तर कोपराच्या वळणात खोका, तळहातावर नको. रस्त्यात थुंकू नका. बाहेरून आल्यावर, जेवणाआधी, रोग्याची सेवा केल्यावर साबणाने हात धुवा. नुसते पाणी लावून भागत नाही. साबण लावून हात चोळा आणि मनात एक ते वीस आकडे सावकाश म्हणा. आता आकडे तुम्हांला येतातच! साथीच्या दिवसांत बाजारात, गाडीत, दवाखान्यात तोंडाला मुखपट्टी बांधा. २०२० साली कोविड आला, तेव्हा आपण ती बांधायला शिकलो. कोविडचा जंतू वेगळा, पण त्याची वाट पुष्कळशी हीच. शिकलेली विद्या विसरू नये.

एवढे करूनही ताप आला तर? तर घाबरू नका. फ्लू झालेल्यांतले बहुतेक लोक आठवड्याभरात बरे होतात. साधी सर्दी हळूहळू येते, फ्लू एकदम येतो. सकाळी माणूस नांगर धरून उभा असतो आणि संध्याकाळी तापाने फणफणतो. अंग ठेचल्यासारखे दुखते, डोके दुखते, घसा धरतो, कोरडा खोकला येतो. कोणाला उलट्या, जुलाबही होतात.

अशा रोग्याला कामावर, शाळेत किंवा लग्नाकार्याला पाठवू नका. घरात हवा खेळती असेल अशा जागी त्याला वेगळे निजवा. भरपूर पाणी, पेज, वरणाचे पाणी द्या. सेवा एकानेच करावी. त्याचे भांडे आणि पंचा वेगळा ठेवा. ताप उतरवण्याचे औषध आरोग्य केंद्रात विचारून द्या. लहान मुलांना आपल्या मनाने ॲस्पिरिनची गोळी मुळीच देऊ नका.

पण काही माणसांनी दोन दिवससुद्धा वाट पाहू नये. पाच वर्षांच्या आतली मुले, पासष्ट वर्षांवरचे म्हातारे, गरोदर बाया, तसेच मधुमेह, दमा, हृदयाचे, मूत्रपिंडाचे किंवा यकृताचे दुखणे असलेले लोक. ह्यांना असा ताप आला की त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. कारण ह्या रोगावर ऑसेल्टामिविर नावाचे औषध आहे. ताप आल्यापासून दोन दिवसांच्या आत ते सुरू झाले, तर त्याचा गुण सर्वांत चांगला येतो. ते डॉक्टरनेच ठरवून द्यायचे असते. प्रत्येक तापाला ते लागत नाही, आणि प्रत्येक तापाची तपासणीही लागत नाही.

आता काही खुणा सांगतो. त्या पाठ करा. दम लागतो, श्वास भरभर चालतो. छातीत दुखते. थुंकीत रक्त दिसते. ओठ, नखे निळसर पडतात. माणूस गुंगीत जातो किंवा असंबद्ध बोलतो. लहान मूल दूध पीत नाही, खात नाही, मलूल पडून राहते. किंवा ताप एकदा उतरतो आणि पुन्हा जोराने चढतो. ह्यांतली एक जरी खूण दिसली, तरी मग वय, वार, वेळ काही बघू नका. रोग फुप्फुसात उतरला असे समजा. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी फुप्फुसात बारीक घरे असतात. त्यांत हवेऐवजी पाणी भरू लागते. अशा वेळी काढा आणि शेक ह्यांत एक रात्र घालवणे म्हणजे जिवाशी खेळ. १०८ हा क्रमांक फिरवा. सरकारी रुग्णवाहिका येते. तिला पैसे पडत नाहीत.

मला ठाऊक आहे, माणूस हौसेने उशीर करीत नाही. सुगी असते. एक दिवस गेला की रोज बुडतो. दवाखाना लांब असतो. आणि घरच्या बाईचे तर विचारूच नका. अंगात ताप असला तरी ती चुलीपुढे बसून भाकऱ्या थापते. कोणी विचारले तर म्हणते, "होईल बरं, काही नाही झालं." कर्त्या पुरुषांनो, तिच्या "काही नाही"वर विसंबू नका. तिच्या कपाळाला हात लावून पाहा. ती गरोदर असेल तर अजिबात वेळ लावू नका. एक दिवसाची मजुरी पुन्हा मिळते. गेलेली आई मुलांना पुन्हा मिळत नाही. आणि ह्या रोगात तरुण, धट्टीकट्टी माणसेही गेली आहेत, हे विसरू नका.

लसीचेही सांगतो. फ्लूचा जंतू दरवर्षी थोडा थोडा रूप बदलतो. म्हणून ही लस दरवर्षी टोचावी लागते. एकदा टोचली आणि जन्माचे भागले, असे नाही. ज्यांना धोका अधिक, त्यांनी आरोग्य केंद्रात किंवा आपल्या आशाताईंना विचारावे. पावसाळा आणि थंडी ह्या दोन ऋतूंत आपल्याकडे हा रोग डोके वर काढतो, म्हणून चौकशी त्याआधी करावी. तहान लागल्यावर विहीर खणू नये.

शेवटी अफवांविषयी. साथ आली की कोणी म्हणते कापराची पुरचुंडी हुंगा, कोणी म्हणते अमुक गंडा बांधा. मोबाइलवर असले पुष्कळ येते. कापराच्या वासाने जंतू मरत नाही. आणि दुकानातून आपल्या मनाने आणलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्याही ह्या जंतूवर चालत नाहीत.

तुम्ही आता वाचू लागला आहात. त्या विद्येचा इथे उपयोग करा. औषधाच्या पाकिटावरचे नाव वाचा. त्यावरची तारीख वाचा, ती उलटून गेली असेल तर औषध परत करा. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर सूचना लावलेल्या असतात, त्या वाचा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. आज घरी गेल्यावर एक काम करा. मी सांगितलेल्या धोक्याच्या खुणा वहीत लिहा आणि खाली १०८ हा आकडा मोठा लिहा. ते पान चुलीजवळच्या भिंतीला चिकटवा. घरात सगळ्यांच्या नजरेस पडेल असे.

ताप आला म्हणून भिऊ नका. पण तो अंगावरही काढू नका. एवढे बोलून मी आपली रजा घेतो.