पित्त म्हणून झाकलेलं दुखणं

 वैरणपाणी, रात्रीच्या भाकरी उरकून रेडिओ लावून बसला असाल. काहीजणींच्या हातात अजून शेंगा फोडायचं काम असेल. काम चालू द्या, कान मात्र इकडे द्या. आज आम्ही एका बचत गटाच्या बाया तुमच्याशी हार्ट अटॅकबद्दल, म्हणजे हृदयविकाराच्या झटक्याबद्दल बोलणार आहोत. आम्ही डॉक्टर नाही. पण आमच्या हातून एक चूक झाली. ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून आलोय.

गोष्ट मागच्या वर्षीची, कांदा लागणीच्या दिवसांतली. आमच्याच गटातली एक मैत्रीण. तिचं नाव सांगत नाही, पण हे रेडिओवर सांगा असं तिनंच म्हटलंय. वय पन्नाशीच्या आसपास. आठ-पंधरा दिवस म्हणत होती, "अगं, हल्ली चार वाफे लावले की दम लागतोय. रात्री झोपही येत नाही." आम्ही म्हटलं, पाळी जायचं वय आहे, होतं असं. मग एके दिवशी सकाळी ती वाफ्यातच खाली बसली. छातीत भरून आल्यासारखं, दोन्ही खांद्यांच्या मधे पाठीत कळ, दरदरून घाम आणि उलटी. आम्ही काय केलं? सावलीला निजवलं, पदरानं वारा घातला, पाठ चोळली, लिंबू-सोडा पाजला. आणि सगळ्यांनी मिळून निकाल दिला, उपाशीपोटी कामाला आलीस, पित्त खवळलंय.

संध्याकाळी एका दवाखान्यात नेलं. तिथंही पित्ताचंच इंजेक्शन मिळालं. दुसऱ्या दिवशी दुपारी धाप थांबेना, तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं ईसीजी काढला आणि कळलं, हार्ट अटॅक येऊन चोवीस तास उलटून गेलेत. मैत्रीण वाचली. पण हृदयाचा काही भाग कायमचा निकामी झाला. आज तिला भरलेली घागर उचलवत नाही. चार पायऱ्या चढल्या की थांबावं लागतं.

त्यानंतर आम्ही गटाच्या बैठकीत आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंना बोलावलं. कर्जाचा विषय बाजूला ठेवून दोन बैठका हेच समजून घेतलं. जे कळलं ते सांगतो.

हृदय म्हणजे आपल्या अंगातला पंप. त्या पंपालाही स्वतःपुरतं रक्त लागतं, ते बारीक रक्तवाहिन्यांतून येतं. ठिबकची नळी एका जागी तुंबली की पुढच्या रोपांना पाणी मिळत नाही आणि ती माना टाकतात. तसंच इथं होतं. रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पुढचा हृदयाचा स्नायू मरायला लागतो. सगळा एकदम नाही मरत, तासातासानं मरतो. नळी लवकर मोकळी केली तर बरंच वाचतं. म्हणून दवाखान्यात काय उपचार होतो याइतकंच, बाई तिथं किती वाजता पोचली, याला महत्त्व आहे.

आता बाईचंच दुखणं पित्तात का जमा होतं ते बघा. अमेरिकेत एक अभ्यास झाला. ५५ वर्षांच्या आतल्या, हार्ट अटॅक येऊन गेलेल्या सुमारे २,००० बायका आणि १,००० पुरुषांना विचारलं, तुम्हाला नेमकं काय झालं होतं? २०१८ साली त्याचे निष्कर्ष आले. पुष्कळ जण म्हणतात, बायकांना छातीत दुखतच नाही. ते खरं नाही. १०० पैकी ८७ बायकांना छातीत दुखणं, दाब किंवा आवळल्यासारखं होतं. पुरुषांचंही जवळपास तेवढंच. फरक असा की छातीच्या जोडीला आणखी तीन किंवा जास्त तक्रारी असणाऱ्या बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होतं. मळमळ, धाप, पाठ किंवा जबडा दुखणं, घाबरल्यासारखं होणं. एवढ्या तक्रारींच्या गर्दीत छातीचं दुखणं मागं पडतं.

त्याच अभ्यासातली पुढची गोष्ट ऐकून आम्ही गप्पच झालो. दवाखान्यात भरती होण्याआधी ज्या बायका डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या, त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणींना 'हे हृदयाचं वाटत नाही' असं सांगितलं गेलं होतं. पुरुषांत हेच प्रमाण १०० ला ३७ होतं. म्हणजे हे आपल्याच गावात घडतं असं नाही. मोठमोठ्या दवाखान्यांच्या देशातही बाईचं दुखणं 'टेन्शन' म्हणून परत पाठवलं जातं.

आणि दम लागणं, झोप न येणं? २००३ साली अमेरिकेतच ५१५ बायकांना विचारलं होतं, अटॅकच्या आधीच्या दिवसांत काही जाणवलं होतं का? १०० पैकी ७० जणींनी सांगितलं, नेहमीपेक्षा वेगळाच थकवा होता. जवळपास निम्म्या म्हणाल्या, झोप लागत नव्हती. आमची मैत्रीण वाफ्यात हेच सांगत होती. आम्ही ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

मग थकलेल्या प्रत्येक बाईनं दवाखाना गाठायचा का? आपण तर रोजच थकतो. डॉक्टरबाईंनी खूण सांगितली. रोजचंच काम आहे, पण आता ते केल्यावर दम लागतो, छाती किंवा पाठ भरून येते आणि बसल्यावर बरं वाटतं. असं नव्यानं सुरू झालं असेल तर त्याच आठवड्यात तपासून घ्यायचं. आणि छातीत, छातीच्या खड्ड्यात, पाठीत, जबड्यात किंवा हातात दाब, जोडीला घाम, धाप किंवा उलटी, आणि पंधरा मिनिटं बसूनही थांबत नाही, तर मग वाट बघायची नाही. पित्त आहे की हृदय, हे ठरवायचं काम आपलं नाही. ते ईसीजीचं आणि रक्ताच्या तपासणीचं काम आहे. पहिला ईसीजी बरा आला आणि त्रास चालूच असेल, तर थोड्या वेळानं पुन्हा काढायला सांगायचं. सुरुवातीच्या ईसीजीत कधी कधी दिसत नाही.

अशा वेळी काय करायचं, हे नीट ध्यानात ठेवा.

पहिलं, १०८ ला फोन. गाडी फुकट येते, रात्री-बेरात्रीही येते, आणि आपल्या महाराष्ट्रात त्या गाडीत डॉक्टर असतो. बाईला चालवत स्टँडवर न्यायचं नाही, मोटारसायकलवर मधे बसवून न्यायचं नाही.

दुसरं, ॲस्पिरिनची गोळी. १९८८ साली १७,००० हून जास्त रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अटॅक आलेल्यांना महिनाभर रोज ॲस्पिरिन दिल्यावर पहिल्या पाच आठवड्यांतले मृत्यू जवळपास पावपट कमी झाले. गुठळी विरघळवणारं औषधही जोडीला दिलं, तेव्हा आणखी कमी झाले. इतकी स्वस्त गोळी, पण मनानं द्यायची नाही. १०८ च्या डॉक्टरांना फोनवर विचारून, ते म्हणतील तेवढी, चावून खायला द्यायची. पोटात अल्सर असेल, कुठून रक्त जात असेल, गोळीची ॲलर्जी असेल, तोंड वाकडं झालं असेल किंवा हातपाय लुळा पडला असेल, तर आधी ते सांगायचं. जिभेखाली ठेवायची गोळी शेजारच्या मामांच्या डब्यातून आणून देऊ नका. बीपी एकदम खाली जाऊ शकतं.

तिसरं, डॉक्टरांसमोर बसल्यावर एक वाक्य म्हणायचं. "डॉक्टरसाहेब, छातीचा त्रास आहे, आधी ईसीजी काढा." आम्ही बैठकीत हे वाक्य एकेकीकडून म्हणून घेतलं. सुरुवातीला हसू आलं. डॉक्टरांना कसं सांगायचं, असं वाटलं. पण यात उद्धटपणा नाही. छातीच्या त्रासात ईसीजी मागणं हा आपला हक्क आहे.

पैशाचंही बोलू. त्या दिवशी मैत्रीण सारखी म्हणत होती, "मालक ऊसतोडीला गेलेत, येऊ देत, मग बघू." खरी भीती खर्चाची होती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाचे मोठे उपचार बसतात. अँजिओप्लास्टी म्हणजे स्टेंट टाकणं आणि बायपास, दोन्ही. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा आधार आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला गाठायचं. आपल्या जवळचा असा दवाखाना कोणता, ते आजारपण येण्याआधी विचारून ठेवा. रेशनकार्ड आणि आधार कार्ड एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी कुठं आहे, हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या. गटाच्या पेटीतून अशा वेळी ताबडतोब पैसे मिळतील, असा ठराव आम्ही केलाय. मालकाची सही नंतर.

हे झालं झटका आल्यावरचं. पण त्याच्या आधीची वर्षं आपल्या हातात असतात. ५२ देशांतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की भारत आणि आसपासच्या देशांतल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतरांपेक्षा जवळपास सहा वर्षं आधी. त्याच अभ्यासानं सांगितलं की तंबाखू खाणाऱ्यांना अटॅकचा धोका न खाणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त असतो. आता बायका म्हणतील, आम्ही कुठं तंबाखू खातो? मग मिशरी कशाची असते गं? भाजलेल्या तंबाखूचीच. आमच्या गटात सोळाजणी आहेत, त्यांतल्या सहाजणी मिशरी लावायच्या. दोघींनी सोडली, बाकीच्यांचं चाललंय. खोटं कशाला सांगू, सुटायला अवघड आहे. पण सकाळची एक वेळ तरी कमी झाली.

दुसरी गोष्ट बीपी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसलं की देशात १५ वर्षांवरच्या दर १०० बायकांत २१ जणींचं बीपी वाढलेलं आहे किंवा त्या बीपीची गोळी घेतात. बीपी दुखत नाही, म्हणून कळत नाही. ज्यांना बाळंतपणात बीपी वाढून सूज आली होती, लघवीतून प्रथिनं गेली होती किंवा झटके आले होते, त्यांनी नीट ऐका. तीस लाखांहून जास्त बायकांची माहिती एकत्र करून बघितली, तेव्हा अशा बायकांना पुढं हृदयविकाराचा धोका दुप्पट दिसला. तुमचं लेकरू आज कॉलेजात असेल, तरी डॉक्टरांना हे सांगा.

गोळी सुरू झाली की बरं वाटतंय म्हणून बंद करू नका. आमच्या मैत्रिणीनंही मधे पंधरा दिवस गोळ्या बंद केल्या होत्या, औषधाला पैसे नको जायला म्हणून. स्टेंट टाकलेल्या माणसानं रक्त पातळ करायच्या गोळ्या मनानं थांबवल्या तर स्टेंटमधेच गुठळी होऊन जीव जाऊ शकतो. २०११ साली छापून आलेल्या १७ देशांच्या अभ्यासात दिसलं की गरीब देशांत अटॅक किंवा लकवा येऊन गेलेल्या १०० पैकी ८० जण एकही जरुरीचं औषध घेत नव्हते. आपला देश त्यांत होता.

शेवटी एक उमेदीची गोष्ट. चीनमधे ३२६ खेड्यांत जवळपास ३४,००० बीपीच्या रुग्णांवर अभ्यास झाला. निम्म्या खेड्यांत गावातल्याच साध्या आरोग्यसेवकांना शिकवून तयार केलं. त्यांनी बीपी मोजलं, गोळ्या दिल्या, नियमित पाठपुरावा केला. मोठा तज्ज्ञ गावात राहायला आला नव्हता. तीन वर्षांत त्या खेड्यांत हार्ट अटॅक, लकवा असे प्रकार बाकीच्या खेड्यांपेक्षा तिसऱ्या हिश्शानं कमी झाले. चीनच्याच ६०० खेड्यांतल्या अभ्यासात निम्म्या खेड्यांत नेहमीच्या मिठाऐवजी सोडियम कमी असलेलं मीठ वापरलं, तिथं बाकीच्या खेड्यांपेक्षा लकवा १०० ला १४ नं कमी झाला. ज्यांना किडनीचा आजार आहे, त्यांनी असं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बाकी लोणचं, पापड, खारवलेली मिरची ताटात कमी करायला कुणाला विचारायला नको. दिवसाला माणशी एका लहान सपाट चमच्यापेक्षा कमी मीठ, एवढं ध्यानात ठेवा.

गावात आशाताई आहेत, उपकेंद्रात तिशीवरच्यांची बीपी-साखर तपासणी फुकट होते, आणि महिन्याला बैठक तर आपण घेतोच. आमच्या गटानं बीपीचं मशीन घेतलंय. हप्ता भरायच्या आधी हात पुढं करायचा, आकडा बचतीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायचा. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढं गेला तर पुन्हा मोजायचं आणि तिला एकटीला न पाठवता कुणीतरी सोबत दवाखान्यात जायचं. पहिल्याच बैठकीत तिघी निघाल्या. तिघींनाही काही त्रास होत नव्हता.

आमची मैत्रीण आता लागणीला येत नाही. वही तीच सांभाळते. परवा एकजण म्हणाली, "मला जरा पित्त झालंय." तिनं वही मिटली आणि विचारलं, "घाम आलाय का? कधीपासून?" मैत्रिणींनो, तुमच्या शेजारणीला एवढं विचारायला विसरू नका. येतो आम्ही. नमस्कार.